चालून राखलेलं रान

“कोठी चालले जी?”

नागभीड तालुक्यातल्या एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आम्ही चाललो होतो. धान कापायला वाकलेले एक बाबाजी विळा हातात धरून उभे राहिले आणि त्यांनी हा प्रश्न विचारला. आम्ही बाराजण होतो. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, एकाच्या गळ्यात दुर्बीण. डोक्यावर भारा नाही, हातात विळा नाही, पुढे हाकायला गुरं नाहीत. आमच्यातल्या एकानं उत्तर दिलं, “कोठीच नाही जी, असंच फिरून राहिलो.” बाबाजींनी आम्हाला नीट पाहून घेतलं. मग विळ्यानंच उजवीकडे दाखवलं. “मंग पारीवरून जा. तरा भरला हाये, पाहून घ्या.”

त्या दिवशीची आमची वाट अशी ठरली. तरा म्हणजे तळं, पार म्हणजे तळ्याची पाळ. इथल्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याच्या जागी ‘र’ येतो. ‘ण’ही नाही, म्हणून पाणी इथे ‘पानी’ असतं. धुऱ्यावरून चालताना कान उघडे ठेवले की मराठीचं हे वेगळं रूप आपोआप कळू लागतं.

बाबाजींचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रानपट्ट्यात, पहाटेपासून माणसं चालतच असतात. कुणी शेतावर, कुणी सरपणाला, कुणी मोहफुलांसाठी, कुणी गुरांमागे, कुणी आठवडी बाजाराला. प्रत्येक पावलाला काम आहे. मग आमच्या चालण्याचं काम काय? पुढची काही वर्षं दिवाळीनंतर आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शिवारांतून चालत राहिलो आणि त्या प्रश्नाचं उत्तर थोडं थोडं सापडत गेलं.

चढ नसलेला मुलूख

महाराष्ट्रात भटकंती म्हटली की डोळ्यांपुढे सह्याद्री येतो. गड, घाट, कडे, दमछाक आणि माथ्यावरचा वारा. इथे यातलं काहीच नाही. वैनगंगेच्या दोन्ही काठांना जमीन पसरलेली आहे. मध्येच एखादी ठेंगणी टेकडी, बाकी बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), बोड्या (लहान तळी), तलाव आणि त्यांना चिकटून उभं राहिलेलं जंगल. मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून आलेली वैनगंगा या दोन जिल्ह्यांमधली सीमा होऊन दक्षिणेला उतरते आणि चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. एका काठाला चंद्रपूर, दुसऱ्या काठाला गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. आजही ब्रह्मपुरीची लेक आरमोरीला नांदायला जाते तेव्हा ती दुसऱ्या मुलखात गेली असं कुणाला वाटत नाही.

गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. पण नकाशावरच्या हिरव्या रंगावरून वाटतं तसं हे जंगल एकीकडे आणि शेती दुसरीकडे असं नाही. चालणाऱ्याला ते पहिल्या तासाभरात कळतं. बांधीत मोहाचं झाड उभं असतं, कारण ते तोडायचं नसतं. धुऱ्यावर तूर लावलेली असते. बांधी संपते तिथे पळसाची झुडपं लागतात, झुडपांमागे ऐन आणि धावडा, त्याही मागे साग आणि बांबू. मग अचानक जंगलाच्या कुशीत चार बांध्या आणि एक बोडी. शेत कुठे संपलं आणि रान कुठे सुरू झालं याची रेघ पायांना सापडत नाही. गाडीतून जाणाऱ्याला हे दिसत नाही, कारण रस्ता सरळ जातो आणि धुरे वळत जातात.

या मुलखात चालायचा खरा हंगाम दिवाळीपासून सुरू होतो. हलकं धान कापून कडपा पडलेल्या असतात, भारी धान अजून लोंब्यांनी वाकून उभं असतं. त्या उभ्या धानातच लाखोळी पेरलेली असते. धान कापलं की तिची कोवळी हिरवळ उघडी पडते. जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर, नांगरट न करता घेतलेलं हे दुसरं पीक. बलिप्रतिपदेला गायगोधन, म्हणजे गुरांची पूजा, झालेलं असतं, गावोगावी मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, तारखा लागलेल्या असतात आणि वडशाच्या नाटक मंडळ्यांचे फलक चौकाचौकात झळकू लागतात. रात्री नाटक पाहून आलेली माणसं सकाळी विळा घेऊन शेतात असतात.

धुऱ्यावरून चालणारी नजर

नागभीड तालुक्यात चालताना नांदेड गावाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठवाड्यातलं शहर नव्हे. हे दादाजी खोब्रागडे यांचं गाव. दीड एकरभर जमीन आणि जेमतेम शालेय शिक्षण असलेल्या या शेतकऱ्याला १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग निराळा, दाणा बारीक. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी वर्षं गेली आणि त्यातून एक बारीक, चवदार, भरघोस येणारं धान हाती आलं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांचं वेड होतं. बाजारात या धानाला त्याच घड्याळाचं नाव चिकटलं. आज विदर्भातच नव्हे, इतर राज्यांतही हा तांदूळ ‘एचएमटी’ नावानं विकला जातो आणि ताटात वाढला जातो. खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो नागभीड तालुक्यातल्या एका बांधीतून आला हे ठाऊक असतं. दादाजींनी पुढेही वाण शोधले. राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला, पण आयुष्यभराची ओढाताण संपली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

मला या गोष्टीतली एक बाब फार मोलाची वाटते. हजारो लोंब्यांमध्ये वेगळ्या असलेल्या मोजक्या लोंब्या कुणाला दिसतात? जो रोज त्याच धुऱ्यावरून, त्याच वेगानं, तीच बांधी पाहत चालतो त्याला. दादाजींची प्रयोगशाळा म्हणजे त्यांची रोजची फेरी होती. आम्ही त्या भागातून गेलो तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी थांबून धानाची लोंबी हातात घेतली. आम्हाला सगळ्या सारख्याच दिसल्या. ओळख व्हायला एक फेरी पुरत नाही, हा तिथला पहिला धडा.

पाळीवरची सावली

बाबाजींनी दाखवलेली पाळ दोन पुरुष उंच होती. अर्जुनाची झाडं, चिंच, आंबा, मध्ये एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेल्या बांध्या. सपाट मुलखात थोडी उंची हवी असेल तर ती अशी माणसांनी रचून ठेवलेली आहे.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी जमीनदारांकडे असलेले, तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. ते बांधण्याचं श्रेय मुख्यतः कोहळी समाजाच्या पाणकसबाला जातं. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालची जमीन दिली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. या मातीत उतार इतका कमी की डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखून, नेमकी कुठे पाळ घातली तर कमी मातीत जास्त पाणी अडेल, सांडवा कुठून काढावा, तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, कुठे बसवावं, म्हणजे पाणी पाटानं एका बांधीतून दुसरीत उतरत जाईल, हे त्या माणसांनी पावसाळ्यात पाण्यामागे चालून ठरवलं असणार. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्याही खाली, असे तलाव साखळीत बांधलेले आहेत. जंगलातून वाहत आलेला पालापाचोळा आणि गाळ तलावात थांबतो, तिथून पाण्याबरोबर बांधीत जातो. म्हणजे धानाला पाणी तलाव देतो आणि खत रान देतं. रान तोडलं तर तलाव गाळानं भरतो, तलाव फुटला तर बांधी सुकते. बोडी, तलाव, बांधी आणि जंगल ही इथे एकाच घरातली माणसं आहेत.

१९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. गावच्या हातून देखभालीचा हक्क सुटला, तशी सवयही सुटत गेली. बऱ्याच तलावांत गाळ साचला, काठांवर बेशरम माजला, पाळीला भगदाडं पडली. पण जिथे गावानं आणि मासेमार ढिवरांच्या सहकारी संस्थांनी पुन्हा लक्ष घातलं, तिथे तलाव उठून उभे राहताना दिसतात. आम्ही पाहिलेल्या त्या तलावात एका कोपऱ्यात देवधान होतं. हे आपोआप उगवणारं रानटी धान, त्याच्या आडोशाला पाखरं घरटी करतात. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत होता. जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून डोकावत होत्या. अडयांचा थवा शीळ घालत उठला आणि वळसा घेऊन पुन्हा बसला. डोंग्यातून जाळं ओढणाऱ्या दोघा ढिवर भावांनी मान वर करून तोच प्रश्न विचारला: कोठी चालले? या वेळी आमच्याकडे निदान अर्धं उत्तर होतं. “तुमचा तरा पाहायला आलो जी.” दोघेही हसले.

रानाची रीत

पाळ उतरून पलीकडे गेलं की जंगल लागतं आणि तिथे आमच्या गटाचे नियम बदलतात. खरं तर नियम आमचे नाहीत, गावाचे आहेत. सोबत गावचा माणूस असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ऊन चांगलं वर आल्यावर निघायचं आणि उतरण्याआधी परतायचं. कानांत काही घालायचं नाही. बोलत राहायचं, पण कलकलाट नाही. कुणी एकटं मागे रेंगाळायचं नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरायचं नाही.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्याला जोडून पुढे व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. २०१८ मध्ये घोडाझरीचं अभयारण्य जाहीर झालं. पण इथला वाघ उद्यानाच्या हद्दीतच राहत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली या तालुक्यांत तो बांध्यांना लागून असलेल्या झुडपांत वावरतो, पिल्लं वाढवतो. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली, तेंदूपत्ता तोडायला वाकलेली माणसं त्याच्या हल्ल्यात जातात. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला सावजासारखा दिसतो, असं जाणकार सांगतात. ज्या घराला वर्षाचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, लग्नाचा खर्च मोह आणि तेंदूतून काढायचा असतो, त्या घराला जंगलात न जाणं परवडत नाही. २०२१ पासून छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळपही गडचिरोलीत आला आहे. धानाच्या हंगामात त्या वाटेवरची गावं रात्र जागून काढतात.

हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण चालणाऱ्या पाहुण्यांना रान सुंदर दिसतं आणि ते आहेच. पण त्या सुंदरतेची किंमत कोण मोजतं ते विसरून इथे चालू नये. आमच्या पुढे चालणारा गुराखी मध्येच थांबून वाळूतली पावलं पाहतो, माकडांचा आवाज ऐकतो, वाट बदलतो. त्याच्यासाठी ते साहस नसतं. तो त्याचा रोजचा रस्ता असतो. तो जिथे थांबतो तिथे आम्ही थांबतो. वेग त्याचा, वाट त्याची.

त्याच्या मागून चालताना रान वेगळं दिसतं. हे चारोळीचं झाड, याच्या बिया उन्हाळ्यात. इथे पावसाळ्यात सात्या, म्हणजे अळंब्या, निघतात, पहिल्या विजांच्या कडकडाटानंतर. हे बांबूचं बेट, याचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, श्रावण-भादव्यात, पण सगळे काढायचे नाहीत, बेट मरतं. हा बेहडा, हा हिरडा, हे कुसुमाचं झाड, याच्या बियांचं तेल. पुस्तकातली झाडांची यादी इथे पंचांगासारखी वाचली जाते: कोणत्या महिन्यात कोणाकडे जायचं आणि किती घ्यायचं.

पहाटेची रामधून, परकोटावरचा रविवार

गटानं चालायची रीत या मातीला नवीन नाही. चिमूरजवळ गोंदेड्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळानं गावोगावी रामधून रुजवली. पहाटे माणसं एकत्र जमतात, रांगेनं गावातून फेरी काढतात, गल्ल्या झाडलेल्या असतात, अंगणांत सडा पडलेला असतो. ही भक्ती आहे, आणि गाव रोज एकदा पायांनी पाहून घेण्याची शिस्तही आहे. कुणाच्या घरापुढे पाणी साचलंय, कुणाचं दार आज उघडलेलं नाही, हे फेरी घालणाऱ्याला कळतं.

चंद्रपूर शहरात याच सवयीचं नवं रूप दिसतं. गोंड राजांच्या राजधानीला सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. वर्षानुवर्षं या परकोटावर झाडोरा माजला होता, कचरा पडत होता. बंडू धोतरे आणि त्यांच्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १ मार्च २०१७ पासून रोज सकाळी किल्ला साफ करायला घेतला. शेकडो दिवस ते काम चाललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. साफ झालेल्या परकोटावरून नंतर रविवार सकाळी लोकांना फिरवून शहराचा इतिहास सांगण्याचा उपक्रम सुरू झाला. आपल्याच गावाची भिंत लोक पहिल्यांदा चालून पाहू लागले. जी जागा चालण्याजोगी झाली, ती लोकांची झाली. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधलं जुनं शहर त्या भिंतीवरून दिसतं. वाहनात बसून ते असं दिसत नाही.

हद्दीवरची पावलं

चालण्याचा सगळ्यात खोल अर्थ मला गडचिरोलीत समजला. धानोरा तालुक्यात कठाणी नदीजवळ मेंढा हे गोंड आदिवासींचं लहान गाव आहे, लेखा-मेंढा म्हणून देशाला माहीत असलेलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी कायमची जोडली गेली आहेत. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं घ्यायचे. निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा. ही त्या गावाची पद्धत. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात ती सविस्तर मांडली आहे.

वनहक्क कायदा २००६ साली आला. जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या गावाला त्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येऊ लागला. पण हक्क मागायचा तर हद्द दाखवावी लागते. सरकारी नकाशात कंपार्टमेंटचे आकडे असतात. गावाच्या स्मरणात नाला असतो, वाकडा ऐन असतो, देवाचा दगड असतो, गुरांची वाट असते. म्हणून वनहक्क समितीची माणसं म्हाताऱ्यांना पुढे घालून हद्द चालली. शेजारच्या गावांना बोलावून ती चालली. निस्तार पत्रकासारखे, म्हणजे गावाच्या वापरहक्कांची नोंद असलेले, जुने कागद आणि पायाखालची खूण एकमेकांशी ताडून पाहिली. पुढे कित्येक गावांत हातात जीपीएस यंत्र घेऊन हेच झालं. यंत्र आकडे टिपत होतं, वाट मात्र आजोबा सांगत होते.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ज्या बांबूसाठी गावकऱ्याला चोर ठरवलं जात होतं, तो बांबू आता ग्रामसभा आपल्या शिक्क्यानं विकू लागली. २०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याचा, ठराव केला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे सामूहिक हक्क आहेत. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. त्या गावानं तेंदूपत्ता न तोडण्याचं ठरवलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात. त्याऐवजी बांबूच्या कामावर भर दिला. घरोघरची माणसं पाळीपाळीनं जंगलात गस्त घालतात.

ही गस्त म्हणजे काय? काही माणसं, काही तास, आपल्या हद्दीतून चालणं. कुणी झाड तोडलंय का, कुठे धूर दिसतोय का, बांबूची बेटं कशी आहेत, पाणवठ्यात पाणी आहे का, एवढं पाहून परत येणं आणि ग्रामसभेत सांगणं. कुंपण नाही, बंदूक नाही. हे रान पावलांनी राखलेलं आहे. हे समजलं तेव्हा मला नागभीडच्या तलावाची पाळ आठवली, दादाजींच्या लोंब्या आठवल्या, परकोटावरचा रविवार आठवला. सगळीकडे गोष्ट एकच होती. जिथे माणसांची पावलं नेमानं पडत राहतात ती जागा जिवंत राहते. जिथे ती पडायची थांबतात तिथे आधी विसर पडतो, मग गाळ साचतो, मग दुसरा कुणीतरी येऊन मालक होतो.

म्हणून आमच्या गटानं आता एक रीत ठरवून घेतली आहे. गावात शिरण्याआधी गावाला विचारायचं. गाव सांगेल त्या माणसामागे चालायचं, त्याच्या वेळेचा मोबदला द्यायचा. दुपारचं जेवण गावातल्या बचत गटाकडून घ्यायचं: भात, धुऱ्यावरच्या तुरीचं वरण, हंगाम असेल तर वास्त्यांची भाजी. पाहिलेलं लिहून ठेवायचं, फुटलेली पाळ, कोरडी बोडी, नव्यानं दिसलेलं पाखरू, आणि ते गावाच्या हवाली करायचं. दिवसाला सात-आठ किलोमीटर, त्याहून जास्त नाही. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या मावशी आहेत आणि सातवीतली पोरंही. सपाट वाट असल्यामुळे कुणी मागे पडत नाही, आणि पडलं तर सगळे थांबतात.

गेल्या हंगामात पुन्हा त्याच धुऱ्यावरून गेलो. बाबाजी या वेळी कापत नव्हते. धानाच्या पुंजण्याला टेकून बसले होते, सून आणि नातू भारे वाहत होते. त्यांनी आम्हाला ओळखलं की नाही कोण जाणे, पण प्रश्न तोच आला: “कोठी चालले जी?”

“तरा पाहायला, बाबाजी. पार कशी आहे ते सांगतो परत येताना.”

त्यांनी मान हलवली, आणि नातवाला हाक मारून आमच्या पुढे चालायला सांगितलं.